एक वार

क्लिदरोच्या मूर लेनवर, बंद छापखान्यामागच्या तबेल्यात
मी गिटारी करते. आधी इथे घोडे असत.
दमट दिवशी भिंतीला अजून त्यांचा वास येतो,
मग मी हीटर लावते आणि फळ्यांची कूस बदलते.

हिल्डा रॉस्ट्रन व्हॅनमधून काउंटर घेऊन आली.
कापडाचं दुकान, तीन पिढ्या, अठ्ठ्याऐंशीत बंद.
तेव्हापासून गॅरेजमध्ये, वर रंगाचे डबे.
सोबत नातू रोरी, सोळाचा, हात खिशात.
"महोगनी आहे," ती म्हणाली,
आमच्या घराण्यात दिवाणगिरी होती, असं सांगतात
तशा आवाजात.

मी होही म्हणत नाही, नाहीही.
महोगनी म्हणून काय काय दाखवलंय मला लोकांनी:
डाग देऊन तांबूस केलेला बर्च;
सापेली, अंगावर रिबिनीसारखे पट्टे,
करवत लागली की पेन्सिल सोलल्याचा वास;
लावान, जिचे तंतू रंध्याखाली
भिजल्या मांजरासारखे उभे राहतात.
नाव सगळ्यांचं एकच. बिलावर तर हमखास.

फळीच्या टोकाला मेणाचा, मळाचा थर काढला,
दाढीच्या पात्यानं अंगठ्याएवढा चौकोन तासला,
थुंकी लावली (रोरीनं तोंड वाकडं केलं)
आणि भिंग डोळ्याशी, लाकूड भिंगाशी.
रव्यासारखी विखुरलेली छिद्रं.
काहींत चुन्याचा ठिपका.
मग एक बारीक फिकट रेघ. पुन्हा छिद्रं. पुन्हा रेघ.
कुठल्याशा बेटावर हे झाड दर वर्षी जरा थांबत होतं
आणि थांबल्याचं लिहून ठेवत होतं.
कुणाच्या हातांनी तोडलं, कुणाच्या हुकमानं,
ते लिहिलेलं नाही. दहापट भिंगातही नाही.

बोटांच्या पेरांनी ठोकलं.
संगमेश्वरच्या वखारीत बाबा ऐन, किंजळ असंच ठोकत:
बोललं तर विकायचं, गप्प बसलं तर सरपण.
हे बोललं. जरा घोगरं, पण लांबवर.

"खरी आहे," मी म्हणाले. "पण फक्त वरची फळी.
समोरचा भाग साधा पाइन, रंगवलेला."
हिल्डा इतकी हसली की चष्मा काढून पुसला.
"सासरे माझे! जिथे हात लागतो तिथे पैसा घाला, म्हणायचे.
गिऱ्हाइकाच्या गुडघ्याला काय कळतंय?"

"जड आहे," मी रोरीला सांगितलं,
"तासभर उभा राहिलास तर खांदा बोलेल. आतून पोकळ करू."
त्यानं एक हात खिशातून काढला.

काठानं पितळेचे खिळे:
शून्य, पाव, अर्धा, पाऊण, वार.
वार! मावशीची नऊवारी
अशाच कुठल्या पितळेवरून नऊदा ओढली गेली असणार,
हे मला पन्नाशीत, लँकेशायरात सुचावं.
आणि खिळ्यांच्या मधे लाकूड झिजलेलं,
काठापासून वीतभर आत गेलेला उतार,
डाव्या तळहातानं विचारला तरच कळणारा.

पारदर्शक साचा ठेवला. सरकवला.
स्क्रूभोवतीचा काळा डाग टाळला, पुन्हा सरकवला, तिरका केला.
उतार बरोबर तिथे आला
जिथे वाजवणाऱ्याचा उजवा हात टेकतो.
एरवी तिथे मी अर्धा दिवस कानस मारते.
इथे कापडानं मारून ठेवली होती, शंभर वर्षं, फुकट.

एक खिळा मात्र साच्याच्या आत.
"काढू?" मी विचारलं.
रोरीनं आजीकडे पाहिलं.
ती केव्हाच पलीकडच्या बाजूला जाऊन उभी होती.
डावा अंगठा शून्यावर. नजर खिडकीबाहेर, पेंडलच्या टेकडीवर.
उजव्या हातानं तिनं नसलेला तागा ओढला
आणि हात न पाहता पितळेवर थांबला.
"एक," ती पुटपुटली. परत ओढला. "दोन."
मी पेन्सिल धरून उभी.
"तीन," आणि मग, गिऱ्हाईक ओळखीचं असावं तशी,
"वर चार बोटं जास्त."